दुकानाची गादी, मणक्याची गादी

पहाटे सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किंवा पुण्याहून कात्रजच्या घाटाकडे वळताना, गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य नित्याचे झाले आहे. हेल्मेट चढवलेले पन्नाशी-साठीचे गृहस्थ सायकलींवरून रांगेने जात असतात. त्यांतील पुष्कळांनी कॉलेज सुटल्यानंतर सायकलला हात लावलेला नसतो. दुकान वाढले, गोदाम झाले, दारात मोटार आली. मग एके दिवशी डॉक्टरांनी रक्तातील साखरेचे किंवा रक्तदाबाचे आकडे पुढे ठेवले, आणि अडगळीत गेलेले वाहन निराळ्या रूपाने घरात परत आले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र यांतील कित्येक सायकली वर्षाच्या आत गॅलरीत जाऊन टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येतात, आणि त्याचे कारण दर वेळी आळस हे नसते. कंबर हे असते.

सांगलीच्या हळदपेठेतील एखादे अडत व्यापारी डोळ्यांसमोर आणावे. वय चोपन्न. सकाळी सौदे, दुपारी वही, सायंकाळी वसुलीचे फोन. दिवसाचे नऊ-दहा तास गादीवर तक्क्याला टेकून, किंवा अधिक वेळा तक्क्या सोडून पुढे वाकून. मुलाने वाढदिवसाला गिअरची सायकल आणली. पहिले दोन महिने आनंदात गेले. रोजचे पंधरा किलोमीटर होऊ लागले आणि साखरही उतरणीला लागली. तिसऱ्या महिन्यापासून चाळीस मिनिटे झाली, की कमरेच्या खालच्या भागात एक बोथट कळ उठू लागली. सायकलवरून उतरल्यावर सरळ उभे राहण्यास क्षणभर वेळ लागे. "अहो, पुरे झाली ती सायकल, गाडी आहे ना दारात," असे घरातून सांगितले गेले. "अण्णा, कमरेचा पट्टा घेऊ या चांगल्यापैकी," असे मुलाने सुचवले. अण्णांनी पट्टा घेतला, आठ दिवस बांधला आणि सायकल बंद केली. पुढच्या तपासणीत साखर जेथून निघाली होती तेथे परत येऊन बसली.

अशा घरात निष्कर्ष ठरलेला असतो : वय झाले, सायकल सोसत नाही. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. कंबर दुखते ती सायकल चालवल्यामुळे, यापेक्षा सायकलवर ज्या तऱ्हेने बसले जाते त्यामुळे. आणि ती तऱ्हा पुष्कळदा दुकानातून शिकून आलेली असते.

शरीररचनेचा थोडा विचार येथे करणे आवश्यक आहे. कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या असतात. आपल्याकडे बोलताना त्यांना 'मणक्यातली गादी' म्हणतात आणि तो शब्द फार नेमका आहे. सरळ उभे असताना या भागाला आतल्या बाजूस एक हलकी कमान असते. मनुष्य पुढे वाकतो तेव्हा हे वाकणे दोन ठिकाणी होऊ शकते : एक खुब्याच्या सांध्यात, दुसरे कमरेच्या मणक्यांत. खुब्याचा सांधा मोठा, खोल आणि वाकण्यासाठीच घडवलेला आहे. त्यातून वाकल्यास कमरेची कमान बरीचशी जागच्या जागी राहते. परंतु खुबा जागचा हलला नाही, तर उरलेले सगळे वाकणे कमरेच्या मणक्यांना करावे लागते. कमान पुसली जाते आणि पाठ कासवासारखी गोल होते.

गोल झालेल्या पाठीत पुढे काय घडते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'चाळीस मिनिटांनीच का दुखते' याचा उलगडा होतो. पाठ पूर्णपणे वाकली की कण्याला पाठीमागून सावरणारे स्नायू आपले काम जवळजवळ थांबवतात, आणि सगळा भार मणक्यांमागील अस्थिबंध व चकत्यांच्या मागच्या कडा यांवर जातो. हे बंध काही वेळ तो भार तक्रार न करता पेलतात. परंतु सतत ताण राहिल्यास ते हळूहळू लांबतात, सैल पडतात. म्हणून पहिली वीस मिनिटे काहीच जाणवत नाही. साडीच्या किंवा कापडाच्या व्यापारात असलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही : ठेवणीतली रेशमी साडी ज्या घडीवर वर्षानुवर्षे दुमडलेली राहते, तेथेच विरते. म्हणून जाणत्या स्त्रिया तिची घडी मोडून दुसऱ्या जागी घालतात. कमरेची घडी मात्र सकाळी सायकलवर आणि दिवसभर गादीवर, त्याच एका जागी पडत राहते.

बेल्जियममधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांच्या कमरेला लहान संवेदक लावून त्यांना दोन तास रस्त्यावर सायकल चालवायला सांगितले होते. ज्यांची कंबर नेहमी दुखत असे त्यांची खालची कंबर, न दुखणाऱ्यांच्या मानाने, अधिक वाकलेली आढळली, आणि दोन तासांत त्यांचे दुखणे वाढत गेले. सहभागी झालेल्यांची संख्या लहान होती, तरी चित्र वरील विवेचनाशी जुळणारे आहे. व्यावसायिक शर्यतपटूही यातून सुटलेले नाहीत. २०१० साली नॉर्वेतील संशोधकांनी सात व्यावसायिक संघांतील १०९ सायकलपटूंची विचारपूस केली, तेव्हा ५८ टक्के खेळाडूंनी मागील वर्षभरात कंबरदुखी अनुभवल्याचे सांगितले. तेव्हा चोपन्नाव्या वर्षी कंबर दुखली म्हणून कोणी खजील होण्याचे कारण नाही.

येथे घरातील वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : आजोबा तर जन्मभर सायकलवरून बाजाराला गेले, त्यांना कोठे असले दुखणे झाले? प्रश्न रास्त आहे. १९५१ साली सोनीपत येथे सुरू झालेल्या ॲटलासची किंवा तिच्यासारखी काळी सायकल आठवून पाहावी. तिचे हँडल उंच आणि स्वाराकडे वळलेले, सीट रुंद, चामड्याची आणि खाली दोन दणकट स्प्रिंगा. तिच्यावर बसणारा मनुष्य खुर्चीवर बसावा तसा ताठ बसे. शिवाय अंतर असे ते पेठेपासून घरापर्यंतचे, आणि दिवसभरात चालणे, उकिडवे बसणे, पोते उचलून पाहणे हेही घडत असे. आजची सायकल शर्यतीच्या सायकलीची वंशज आहे. तिचे हँडल खाली आणि दूर असते, कारण वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. ती स्वाराकडून पुढे वाकण्याची अपेक्षा करते आणि ते कोठून वाकावे हे मात्र दुकानदार सांगत नाही. ताठ बसणे हाच सर्वोत्तम उपाय, असेही समजू नये. अगदी ताठ बसल्यास खड्ड्याचा प्रत्येक दणका सीटमधून थेट कण्यात जातो. जुन्या सायकलीला स्प्रिंगा होत्या त्या उगाच नव्हेत. खुब्यातून केलेले माफक वाकणे हे दोहोंमधले चांगले स्थान.

आता सायकलीकडे वळावे. सायकल शरीरास जुळवून घ्यायची असते. शरीर सायकलीस जुळवायचे नसते. कापडाचे माप घेणारे आणि देणारे लोक सायकल मात्र 'फ्री साइज' समजून वापरतात, हे नवल आहे.

पहिली बाब सीटच्या उंचीची, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत या भीतीने बहुतेक नवे स्वार सीट फार खाली ठेवतात. मग पेडल वर आले की गुडघा छातीकडे येतो, खुब्यातील जागा संपते, श्रोणीचे हाड मागे कलंडते आणि पाठ गोल होते. याउलट कोणी हौसेने सीट फार उंच केली, तर पेडल खाली गेल्यावर पाय पुरत नाही आणि प्रत्येक फेरीत खुबे डावी-उजवीकडे हेलकावतात. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या धरल्या तर तासाभरात कमरेला किती झोके बसतात, त्याचा हिशेब कोणत्याही दिवाणजीला तोंडी करता येईल.

उंची ठरवण्याची घरगुती रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एखादी जाड पुठ्ठ्याची खातेवही वरपर्यंत दाबून उभी धरावी, आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. समजा ते ७८ सेंटिमीटर भरले. टूर डी फ्रान्स तीनदा जिंकणारा अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड याच्या नावाने रूढ झालेल्या रीतीप्रमाणे त्याला ०.८८३ ने गुणले असता जवळजवळ ६८.९ सेंटिमीटर येतात. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे हे अंतर. १९६७ साली इंग्लंडमधील हॅम्ली आणि टॉमस या संशोधकांनी मांडलेल्या दुसऱ्या रीतीत तेच माप १.०९ ने गुणतात आणि सर्वांत खालच्या पेडलपासून मोजतात : ८५ सेंटिमीटर. त्यातून पेडलच्या दांड्याचे १७ सेंटिमीटर वजा केले की ६८ उरतात. दोन पद्धतींत सेंटिमीटरभराचा फरक पडला. एवढा फरक राहणारच. सूत्र सुरुवात करून देते, शेवट स्वाराने करायचा असतो. ज्यांना गुणाकारही नको, त्यांनी सायकलवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवावी. पाय सरळ झाला आणि खुबा कलला नाही, तर उंची बहुधा योग्य आहे. प्रत्यक्ष चालवताना तळव्याचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात थोडी दुमड आपोआप राहते.

दुसरी बाब सीटच्या कलाची. हिच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. सीटचे टोक वर उचललेले असेल, तर त्याच्या दाबापासून सुटका करून घेण्यासाठी स्वार नकळत श्रोणी मागे कलंडवतो, आणि पुन्हा तीच गोल पाठ. इस्रायलमधील डॉक्टरांनी १९९९ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. कंबर दुखणाऱ्या हौशी सायकलस्वारांच्या सीटचे टोक त्यांनी १० ते १५ अंश खाली कलवले, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना चांगला आराम पडल्याचे नोंदवले. हा आकडा वाचून लगेच पान्हा हाती घेऊ नये. इतका कल दिल्यास पुष्कळांचे शरीर पुढे घसरते आणि भार मनगटांवर येतो. गवंड्याची पाणसळ किंवा मोबाइलमधील तशी सोय सीटवर ठेवून आधी ती समपातळीत आणावी आणि मग दोन-तीन अंश खाली उतरवून आठ दिवस पाहावे. मनगटे किंवा तळहात दुखू लागले तर थोडे मागे यावे.

तिसरी बाब हँडलची. सीटवर बसून हात हँडलवर ठेवले असता कोपर किंचित वाकलेले आणि खांदे कानांपासून दूर असावेत. कोपर ताठ कडक झाले असतील, तर हँडल दूर आहे. पन्नाशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते सीटच्या पातळीला किंवा किंचित वरच ठेवावे. कित्येक सायकलींत हँडल धरणारा आखूड दांडा, ज्याला कारागीर 'स्टेम' म्हणतात, उलटा करून बसवला की हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर येते, किंवा तो बदलून आखूड घेता येतो. खर्च कमरेच्या पट्ट्यापेक्षा फारसा अधिक नसतो.

या मापांचे महत्त्व एका जगज्जेत्याला पुरेपूर ठाऊक होते. बेल्जियमचा एडी मर्क्स याने पाच वेळा टूर डी फ्रान्स जिंकली. १९६९ च्या जुलैत पहिला विजय मिळवल्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, फ्रान्समधील ब्ल्वा येथील धावपट्टीवर तो भीषण अपघातात सापडला. त्याच्या पुढे चालणाऱ्या दुचाकीवरील मनुष्य मृत्यू पावला; मर्क्स बेशुद्ध झाला आणि त्याच्या श्रोणीला इजा झाली. पुढची सारी कारकीर्द तो पाठीचे दुखणे घेऊन धावला. घाट चढताना पूर्वीचा सहजपणा कधीच परत आला नाही, असे तो सांगत असे. सीटच्या उंचीबाबत तो इतका चिकित्सक बनला, की शर्यत चालू असतानाही ती वरखाली करून पाही. आणि तरीही टूरचे आणखी चार विजय, तसेच १९७२ साली मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम, हे सारे त्या अपघातानंतरचे आहे. काही मिलिमीटरांसाठी एवढा खटाटोप करणारा मर्क्स त्याच्या साथीदारांना चमत्कारिक वाटला असेल. पाठदुखी असलेल्याला तो चमत्कारिक वाटणार नाही.

गिअरविषयी थोडेच सांगायचे आहे. जड गिअर म्हणजे अधिक व्यायाम, हा समज पैसे वसूल करण्याच्या वृत्तीतून येत असावा. जड गिअरवर प्रत्येक पेडल दाबताना कमरेला धड स्थिर धरण्यासाठी झटावे लागते, आणि ती थकली की पाठ पुन्हा गोल होते. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस वेळा वर आला, म्हणजे मिनिटाला ऐंशी फेऱ्या झाल्या. सुरुवातीला सत्तर झाल्या तरी चालतील. दर दहा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभे राहावे. खड्डा दिसताच तर राहावेच. आपल्या रस्त्यांवर ही संधी वारंवार मिळते.

सायकल अशी मापात बसवली तरी अर्धे काम शिल्लक राहते. ते दुकानात आहे. गादीवर मांडी घालून बसलेल्या व्यापाऱ्याचे गुडघे खुब्यांपेक्षा वर राहिले, की श्रोणी मागे कलंडते. त्यात समोरची वही किंवा मोबाइल खाली असतो. नऊ तास अशा स्थितीत काढल्यावर मांडीच्या मागचे स्नायू आखडतात आणि नितंबांचे स्नायू झोपी गेल्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलवर खुब्यातून वाकायचे ठरवले, तरी शरीर ते करू शकत नाही; त्याला ती वाट विसरलेली असते. म्हणून बैठकीखाली, फक्त मागच्या बाजूला, चार बोटे उंचीची घट्ट घडी ठेवावी. त्यामुळे गुडघे खुब्यांच्या खाली येतात आणि कमरेची कमान परत येते. वही उतरत्या मेजावर घ्यावी. जुन्या पेढ्यांवर असे मेज असत, ते कोठे माळ्यावर पडले असल्यास खाली काढावे. फोन आला की उठून उभे राहून बोलावे. अडत दुकानात फोन किती येतात हे पाहता एवढा एक नियमही पुरेसा चालणे घडवील.

खुब्यातून वाकण्याची सवय लावण्यासाठी एक काठी पुरते. ती पाठीशी उभी धरावी, म्हणजे डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाडाची जागा या तिन्ही ठिकाणी ती टेकेल. मग गुडघे किंचित सैल ठेवून, या तिन्हींपैकी एकही स्पर्श न सोडता पुढे वाकावे. पहिल्या दिवशी फार थोडे वाकता येते आणि स्वतःचे आश्चर्य वाटते. याच्या जोडीला सेतुबंधासन नितंबांच्या स्नायूंना जागे करते, आणि सूर्यनमस्कारातील एक पाय मागे नेण्याची स्थिती खुब्याच्या पुढचा भाग मोकळा करते. सायकलवरून उतरल्याबरोबर पुढे वाकून पायांची बोटे धरण्याचा मोह मात्र टाळावा. आधीच ताणलेल्या बंधांना आणखी ताण कशाला? त्याऐवजी हात कमरेवर ठेवून दोन-चार वेळा हळूच मागे झुकावे आणि थोडे चालावे.

काही दुखणी मात्र सीट आणि हँडल यांच्या पलीकडची असतात, आणि त्यांच्याबाबत दिरंगाई करू नये. कळ कमरेतून निघून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत जात असेल आणि पायात अशक्तपणा जाणवत असेल. रात्री विश्रांतीतही दुखणे जागवत असेल. सोबत ताप किंवा कारणाशिवाय वजनात घट असेल. तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. जांघांमधील भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. उलटपक्षी, साध्या कंबरदुखीत आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. हिंडते-फिरते राहण्यास सांगतात.

हळदपेठेतील त्या अण्णांकडे परत यावे. सायकल गॅलरीतून खाली आली. कारागिराने खातेवहीने घेतलेले माप पाहिले, सीट चार सेंटिमीटर वर नेली, टोक समपातळीला आणले, स्टेम उलटा केला. "शेठ, पहिले आठ दिवस पाच किलोमीटरच," असे त्याने बजावले. अण्णांनी तेवढेच केले. चाळीस मिनिटांचा टप्पा दुसऱ्या महिन्यात आला. कळ उठली, पण अर्ध्या तीव्रतेची, आणि उतरल्यावर सरळ उभे राहता आले. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा पंधरा किलोमीटरवर होते. गोष्ट इथे संपली असती, परंतु एकत्र कुटुंबात सायकल एकाची राहत नाही. रविवारी मुलाने ती नेली, सायंकाळी पुतण्याने नेली, आणि सोमवारी पहाटे अण्णा बसले तेव्हा पाय पेडलला पोहोचेनात. त्या दिवशी सीटच्या दांडीवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लागल्या. पिवळी अण्णांची आहे, आणि जो कोणी सायकल नेईल त्याने परत आणताना सीट पिवळ्यावर आणून ठेवावी, असे घरात ठरले आहे.